कानाने वाचणारा मुलगा

तुम्ही रोज दोन दिशांनी प्रवास करता, हे कधी तुमच्या ध्यानात आले आहे का? उर्दूचा तास असला की तुमची नजर पानाच्या उजव्या कडेपासून निघते आणि डावीकडे जाते. घंटा होते, मराठीचे पुस्तक उघडते आणि तीच नजर डावीकडून उजवीकडे चालू लागते. गणिताच्या पुस्तकात तर आणखी गंमत असते. वाक्य उजवीकडून वाचायचे आणि त्यातला आकडा मात्र डावीकडून. बहुतेक मुले ही कसरत थोड्या दिवसांत शिकतात. पुढे त्यांना ती कसरत वाटतही नाही. पण वर्गात एखादे मूल असे निघते की दोन्ही वाटांवर त्याला ठेच लागते. ते आळशी नसते, मंदही नसते. तरीही अक्षरे त्याच्यापुढे नीट उभी राहत नाहीत.

मी बोईसरजवळच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. राहायला आहे एडवणला. सकाळी एस.टी.ने सफाळे स्टेशन गाठायचे आणि तेथून डहाणू लोकलने बोईसर. ही लोकल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत आली, म्हणून माझ्यासारख्याला समुद्राकाठी राहून बोईसरला नोकरी करता येते. बी.एड. करताना मानसशास्त्राच्या पेपरात 'अध्ययन अक्षमता' हा एक छोटा मुद्दा होता. डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातील अडचण, डिसग्राफिया म्हणजे लेखनातील, डिसकॅल्क्युलिया म्हणजे आकडेमोडीतील. तीन व्याख्या पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या, गुण मिळाले. त्या तीन शब्दांतला एक शब्द पुढे माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर येऊन बसेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

तो आठवीत आमच्या शाळेत आला. त्याचे नाव मी येथे सांगत नाही; तो शिकत आहे आणि नाव सांगायचे की नाही हे त्याने ठरवायचे आहे. वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला. पूर्वीच्या एका शाळेत त्याला वर्षभर मागच्या बाकावर बसवले होते आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असा शेरा होता. घरच्यांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी सांगितले, नजर उत्तम आहे. मग घरच्यांचीही समजूत झाली की मुलगा कामचोर आहे.

पहिल्या आठवड्यात मी वर्गात एक गोष्ट तोंडी सांगितली आणि प्रश्न विचारले. सर्वांत आधी हात त्याचा वर. उत्तर नेमके, वर आणखी एक शंका. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुस्तकातून वाचायला सांगितली. तो उभा राहिला. 'शिकारी' हा शब्द त्याने 'किशारी' असा वाचला, पुढचा शब्द गाळला, मग त्याच ओळीवर परत आला. कपाळावर घाम. मागून कोणीतरी हसले. तो खाली बसला आणि त्या दिवशी पुन्हा त्याने हात वर केला नाही.

या मुलाची अडचण समजून घ्यायची असेल, तर आपल्या दोन लिप्या जरा बारकाईने पाहाव्या लागतील. उर्दूतले बे, पे, ते, टे आणि से घ्या. नाव एकच, फरक नुक्त्यांचा. बेच्या खाली एक, पेच्या खाली तीन, तेच्या वर दोन, सेच्या वर तीन, आणि टेच्या डोक्यावर छोटी तोय. ज्याची नजर अक्षरावर स्थिर राहते त्याला हे सोपे. शिवाय अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात, मध्ये दुसऱ्या आणि शेवटी तिसऱ्या रूपात. जेर, जबर, पेश बहुधा लिहितच नाहीत. सीन आणि रे एवढीच अक्षरे दिसली तर ते सर, सिर की सुर, हे वाक्यावरून ठरवायचे. म्हणजे ज्याला वाचताच येत नाही त्याला वाचण्याआधी अर्थ माहीत हवा! ऐकून लिहायचे म्हटले तर 'स'साठी से, सीन आणि साद असे तीन उमेदवार उभे.

मराठी त्या मानाने सरळ, असे आपण म्हणतो. पण मराठीची स्वतःची खोड आहेच. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि तिचा उच्चार मात्र 'क'नंतर होतो. जोडाक्षरात एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात शिरते. 'चहा'तला च वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा, चिन्ह मात्र एकच. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल तर बोलायलाच नको. तेथे भलेभले मराठी पंडितही कोशाकडे धाव घेतात. तुम्हीही घेत जा, त्यात कमीपणा नाही.

डिस्लेक्सियात मूळ अडचण बहुतेकदा डोळ्यांची नसते. बोललेला शब्द सुट्या सुट्या ध्वनींत फोडणे आणि त्या ध्वनींना अक्षरांशी जोडणे, हे काम मेंदूला जड जाते. बुद्धीशी याचा संबंध नाही. एकाच कुटुंबात हे पुष्कळदा आढळते आणि मोठेपणीही ते पूर्णपणे जात नाही. योग्य पद्धतीने शिकवले तर वाचन मात्र सुधारते. 'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८७ मध्ये जर्मनीतील नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी वापरला. १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले. मुलगा हुशार, खेळात कोणापेक्षा कमी नाही, पण वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानासुद्धा तो अक्षरांची उलटापालट करी. त्याच्या शिक्षकांचे मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे: सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.

मी ते वाचले तेव्हा क्षणभर वाटले, हे बोईसरच्याच मुलाबद्दल लिहिले आहे.

'तारे जमीन पर' हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो २००७ मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला, हे त्याचे मोठे उपकार. पण त्यातला मुलगा सुंदर चित्रे काढतो आणि शेवटी चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. माझ्या विद्यार्थ्याला चित्र काढता येत नाही. त्याच्या हातचा घोडा आणि बकरी यांत फरक ओळखणे कठीण. मला वाटते, अशा मुलाला वेगळी काही देणगी असलीच पाहिजे, अशी अट घालू नये. साधे शिकता यावे, दहावी पास होता यावे, एवढा त्याचा हक्क पुरेसा आहे.

आता एडवणची गोष्ट. आमच्या शेजारी एक कोळीण मावशी राहतात. पहाटे मासळीची टोपली, दुपारी बांबूंवर सुकत टांगलेले बोंबील, संध्याकाळी हिशेब. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. एके दिवशी पाहतो तर मावशी अंगणात बसून मोबाईलशी बोलत होत्या. एक बटण दाबायचे, भाव सांगायचा, बटण सोडायचे. पलीकडून व्यापाऱ्याचा आवाज यायचा. त्या ऐकायच्या आणि पुन्हा बोलायच्या. मी म्हटले, "मावशी, भारी जमते तुम्हाला!"

त्या हसल्या. "आम्ही काय अडाणी नाय, मास्तर. अक्षर तेवढं येत नाय."

ते वाक्य घेऊन मी घरात आलो. ज्या बाईला एक ओळ वाचता येत नाही, तिने मोबाईलच्या आवाजावर आपला सगळा धंदा उभा केला होता. तेच साधन माझ्या वर्गात एका मुलाला का उपयोगी पडू नये? त्याच रात्री मी मराठीचा पहिला पाठ माझ्या आवाजात, सावकाश, ध्वनिमुद्रित केला.

शाळेत मुलांना मोबाईल आणायला बंदी होती आणि ती योग्यच होती. मुख्याध्यापकांशी बोललो. माझा जुना फोन शिक्षकांच्या कपाटात ठेवायचा, त्यात सिमकार्ड घालायचे नाही आणि माझ्या देखरेखीखालीच तो वापरायचा, असे ठरले. तो मुलगा मधल्या सुट्टीनंतर पाठ ऐकायचा आणि त्याच वेळी पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवायचा. नुसते ऐकून उपयोग नाही. कान आणि डोळा यांनी एकाच शब्दावर भेटले पाहिजे, तरच ध्वनी आणि अक्षर यांची ओळख होते. एका जाड पुठ्ठ्याला ओळीएवढी खिडकी कापून दिली, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसे. हा पुठ्ठाही यंत्रच म्हणायचा. त्याला चार्जिंग लागत नाही एवढाच फरक.

चौथ्या पाठानंतर तो मला म्हणाला, "सर, तुमच्या घराजवळ कावळे फार आहेत. चौथ्या पाठात तर तुमच्यापेक्षा कावळाच जास्त बोलतो." मुलगा वर्षभरात पहिल्यांदाच थट्टा करत होता. मी तो पाठ पुन्हा ध्वनिमुद्रित केला नाही.

छापील पान बोलके करायची कल्पना नवी नाही. अमेरिकेत रे कर्झवाईल यांनी १९७६ मध्ये पान मोठ्याने वाचणारे यंत्र जाहीर केले, ते अंध व्यक्तींसाठी होते. केवढे मोठे धूड ते! आज तेच काम खिशातला फोन करतो. मराठीत मला याचा बऱ्यापैकी अनुभव आला. संगणकावर लिहिलेला उतारा फोन वाचून दाखवतो. आवाज जरा कोरडा, पण समजते. उर्दूत मात्र अडलो. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून फोनला वाचायला दिला, तर त्याने निम्मे पान भलतेच वाचले. कारण आपली नस्तालीक लिपी. तिच्यात अक्षरे एका रेषेत बसत नाहीत. तिरकी उतरतात, एकमेकांच्या खांद्यावर चढतात. डोळ्यांना ते फार सुंदर दिसते, यंत्राला मात्र घाम फुटतो. म्हणूनच तर उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबांच्या हातांनी लिहिली जात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक तयार केली, तेव्हा कोठे यंत्रावर नस्तालीक जुळवणे सोयीचे झाले. आणि १९९४ मध्ये आलेल्या 'इनपेज'मुळे ती आपल्याकडच्या छापखान्यांतील संगणकांवर रुळली. शिवाय जेर-जबर लिहिलेले नसले की यंत्रही आपल्या मुलाप्रमाणेच अंदाज करते. 'सुर'च्या जागी 'सर'. मुलाने ते ऐकले आणि म्हणाला, "सर, ह्यालापण तेच आहे." आम्ही दोघे खूप हसलो.

म्हणून उर्दूचे पाठ आमच्या उर्दूच्या बाजींनी स्वतःच्या आवाजात भरून दिले. त्यांचे उच्चार इतके स्वच्छ, की वर्गातल्या इतर मुलांनीही ते मागायला सुरुवात केली. आधी कुरकुर होतीच. "त्यालाच मोबाईल का?" असा प्रश्न दोघातिघांनी विचारला होता. तेव्हा आठवड्यातून एक तास सगळ्या वर्गालाच पाठ ऐकवायचे ठरवले. त्याचा फायदा असा झाला की, 'चमचा'तला च पहिल्यांदा पुष्कळांच्या कानात बसला. तुमच्या घरी मराठी बोलली जात नसेल, तर पुस्तकातून हा च कळणार कसा?

मुलाला वाचायला लावून त्याच्या चुका सांगणारी साधनेही आहेत. गुगलचे 'बोलो' हे साधन २०१९ मध्ये भारतात आले, पुढे २०२० मध्ये ते 'रीड अलाँग' या नावाने अनेक देशांत गेले आणि त्यात मराठी व उर्दू दोन्ही होत्या. मी ते माझ्या फोनवर घेऊन त्याला दिले. शांत खोलीत ते ठीक चालले. वर्गाच्या गोंगाटात मात्र शेजारच्या मुलाचा आवाज ऐकून शाबासकी देऊ लागले! तरी एक गोष्ट मी पाहिली. यंत्रापुढे चुकायला मुलाला लाज वाटत नव्हती. एक शब्द तो आठ वेळा चुकला आणि नवव्या वेळी बरोबर वाचला. माणसांपुढे त्याने तिसऱ्या वेळीच पुस्तक मिटले असते.

लिहिण्याचे काम अधिक अवघड गेले. फोनमधला माइक दाबून तो उत्तर बोलायचा आणि पडद्यावर मराठी अक्षरे उमटायची. मग ती पाहून वहीत उतरवायची. हे संथ काम होते. त्याशिवाय दुसरा एक जुना उपायही केला. अमेरिकेतील डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी अशा मुलांसाठी जी पद्धत घडवली, तिच्यात मूल अक्षर पाहते, उच्चारते आणि हाताने गिरवतेही. आमच्या एडवणला वाळूला काय तोटा? बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वाळू भरून शाळेत नेली. बोट फिरवायचे, मोठ्याने म्हणायचे, पुसायचे. लोकलमध्ये एका प्रवाशाने विचारले, "मास्तर, डब्यात काय?" मी म्हटले, "बाराखडी."

आपले सहकारी शिक्षक, पालक आणि कधी कधी मुलेही एक शंका काढतात. ऐकून उत्तर देणे म्हणजे फसवणूक नाही का? सातपाटीच्या मोठ्या बोटींवर आता जीपीएस असते, पाण्याखालचा माशांचा थवा दाखवणारे यंत्रही असते. जुने नाखवा ताऱ्यांवरून दिशा ओळखत. म्हणून आजच्या नाखव्याने पापलेट चोरून आणले, असे बाजारात कोणी म्हणत नाही. समुद्रात जाण्याची हिंमत आणि जाळे ओढण्याचे कष्ट त्याचे त्यालाच करावे लागतात. मात्र एक खरे आहे. फोन सगळेच वाचून देतो म्हणून वाचनाचा सराव सोडला, तर ते नुकसानच. मी त्याला रोज दहा ओळी फोनशिवाय वाचायला लावतो. त्याला ते आवडत नाही.

खरी अडचण वर्गाबाहेर आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ मिळतो, गरजेनुसार लेखनिक मिळतो. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांत या अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. कायदा चांगला आहे. पण सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी तपासणी लागते आणि तपासणीसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयात अनेक फेऱ्या माराव्या लागतात. एकदा बुद्धिमापन, एकदा वाचन-लेखनाची चाचणी, एकदा डॉक्टरांची भेट. वडिलांचा प्रत्येक फेरीला एक खाडा. ठेकेदाराकडे खाड्याचा पगार कापला जातो आणि सलग खाडे पडले, तर दुसरा माणूस उभा असतो.

त्यात भाषेचा प्रश्न. मूल ज्या भाषेत शिकते, त्याच भाषेत त्याचे वाचन तपासायला हवे, नाहीतर भाषा येत नाही की वाचता येत नाही, हे कळणार कसे? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची चाचणी तयार केली. २०१५ मध्ये ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आली. मराठी आली याचा मला आनंद झाला. त्या यादीत उर्दू नव्हती. आमच्या मुलाला पहिल्या तपासणीत हिंदी उतारा दिला गेला. त्याला देवनागरी मराठीमुळे माहीत होती, म्हणून निभावले. तेथील बाईंनी शाळेकडून त्याच्या उर्दू वह्या आणि शिक्षकांचा अहवाल मागितला. मी आणि बाजींनी मिळून चार पाने लिहिली. कोणते अक्षर कोठे उलटते, तोंडी उत्तर कसे देतो, ऐकल्यावर किती लक्षात राहते, सगळे तारखांसह. त्या जुन्या फोनमधले त्याच्या वाचनाचे नमुने येथे कामी आले. जूनमधले आणि जानेवारीतले वाचन शेजारी ठेवून ऐकवता आले. जूनमध्ये अर्ध्या पानाला लागलेला वेळ जानेवारीत निम्म्याने कमी झाला होता. वाचन अजून अडखळतच होते.

आता तो नववी पास होऊन दहावीत आला आहे. बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी प्रमाणपत्र हातात पडायला हवे. शेवटच्या भेटीची तारीख दोनदा पुढे गेली. एकदा रुग्णालयाकडून, एकदा वडिलांना सुट्टी मिळाली नाही म्हणून. मधल्या काळात वडील मला स्टेशनवर भेटले होते. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. म्हणाले, "सर, मी त्याला आठवीनंतर कंपनीत लावणार होतो. ठेकेदाराशी बोलणंही झालं होतं." एवढे बोलून ते गाडीत चढले.

काल रात्री जेवण झाल्यावर माझ्या फोनवर निरोप आला. लिहिलेला नव्हता, बोललेला होता. आणि मराठीत होता. या मुलाने मला आपणहून मराठीत पाठवलेला हा पहिला निरोप. मागे कंपनीचा भोंगा ऐकू येत होता. "सर, अब्बांना मंगळवारी सुट्टी मिळाली. आम्ही सकाळच्या लोकलने जाणार आहोत. उर्दूची वही आणि मराठीची वही, दोन्ही घेतल्या आहेत. वाळूचा डबा न्यायचा का?"